नमुना वायू कोरडा करणारी यंत्रणा: सुरू करण्याची आणि चालवण्याची पद्धत, खान्देशच्या हवामानाचा विचार करून

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने फेब्रुवारी २०१४ मध्ये जास्त प्रदूषण करणाऱ्या १७ प्रकारच्या उद्योगांना उत्सर्जनाचे अखंड ऑनलाइन मोजमाप करण्याचे निर्देश दिले. त्या यादीत औष्णिक वीज केंद्रे, साखर कारखाने आणि डिस्टिलरी हे उद्योग आहेत, आणि हे तिन्ही उद्योग महाराष्ट्राला चांगले परिचित आहेत. भुसावळजवळच्या दीपनगर येथील ५०० मेगावॅटच्या संचांपासून शहादा परिसरातील बगॅसवर (उसाच्या चिपाडावर) चालणाऱ्या बॉयलरपर्यंत, खान्देशात जिथे जिथे चिमणीतील वायू नळीने बाहेर काढून अॅनालायझरपर्यंत, म्हणजे वायूंचे प्रमाण मोजणाऱ्या यंत्रापर्यंत, आणला जातो, तिथे त्या वायूतील पाणी वाटेतच काढून टाकावे लागते. हे काम करणारी यंत्रणा आकाराने लहान असते आणि मोजणीचे आकडे ती स्वतः दाखवत नाही. त्यामुळे तिच्याकडे लक्ष जाते ते बहुधा अॅनालायझरमध्ये पाणी शिरल्यावरच. ही यंत्रणा कोणत्या क्रमाने सुरू करावी, कशी चालवावी आणि कशी बंद करावी, हे येथे सांगितले आहे. यंत्रासोबत आलेल्या पुस्तिकेतील आकडे आणि येथील आकडे यांत फरक आढळल्यास पुस्तिकेतील आकडा प्रमाण मानावा.

उत्सर्जनाच्या मर्यादा कोरड्या वायूच्या हिशेबाने ठरवलेल्या असतात. वायूत १० टक्के बाष्प असेल, तर ओल्या आणि कोरड्या वायूच्या मोजणीत त्याच प्रमाणात फरक पडतो. शिवाय पाण्याची वाफ अवरक्त किरण मोठ्या पट्ट्यात शोषून घेते. सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रिक ऑक्साइड ज्या पट्ट्यांत मोजले जातात, त्यांवर या वाफेची छाया पडते आणि नसलेला वायू असल्यासारखा दिसू लागतो. म्हणून कूलरमध्ये वायू थंड करून त्याचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला त्यातील वाफेचे पाणी होऊ लागते ते तापमान, साधारण ५ अंश सेल्सियसवर आणून स्थिर ठेवतात. थंड पाण्याने भरलेल्या तांब्यावर बाहेरून थेंब जमतात, तीच क्रिया कूलरच्या आत मुद्दाम घडवून आणलेली असते. ५ अंशांवर वायूत जास्तीत जास्त सुमारे ०.८६ टक्के बाष्प राहू शकते, १५ अंशांवर १.७ टक्के, २५ अंशांवर ३.१ टक्के आणि ४५ अंशांवर तब्बल ९.५ टक्के. कूलरचे तापमान किती अंशांनी सरकले म्हणजे मोजणी किती बिघडेल, याचा अंदाज या चार आकड्यांवरून येतो. बाष्पाचे प्रमाण शून्य नसले तरी चालते, मात्र ते बदलता कामा नये, कारण स्थिर बाष्पाचा परिणाम कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे ठाऊक असलेला वायू देऊन अॅनालायझरचा आकडा जुळवताना, धरता येतो.

पाण्याच्या दवबिंदूखेरीज कोळशाच्या धुराला आम्लाचाही दवबिंदू असतो. धुरातील सल्फर ट्रायऑक्साइड आणि वाफ यांच्यापासून सल्फ्युरिक आम्ल तयार होते आणि ते साधारणतः १२० ते १५० अंशांच्या दरम्यानच द्रवरूप होऊ लागते. त्यामुळे प्रोब (चिमणीतून वायू ओढणारी नळी) आणि हीटेड लाइन (तो कूलरपर्यंत आणणारी तापवलेली नळी) या तापमानाच्या बऱ्याच वर, बहुतेक ठिकाणी १६० ते १८० अंशांवर ठेवतात. आम्ल आणि पाणी हे दोन्ही कूलरच्या आतच, काच किंवा पीव्हीडीएफसारख्या आम्लाला न जुमानणाऱ्या पदार्थाच्या पात्रात सुटे व्हावेत, हा त्यामागचा हेतू आहे. हीटेड लाइन जिथे संपते आणि कूलरचे तोंड जिथे सुरू होते, त्यांच्यामधला वीतभर उघडा तुकडा मला या संपूर्ण मांडणीतील सर्वांत दुर्लक्षित जागा वाटतो. त्या थंड तुकड्यात आम्ल साचते, धूळ चिकटते, फिटिंग गंजते आणि महिन्याभरात प्रवाह कमी होतो. लाइनचे तापलेले टोक थेट कूलरच्या तोंडापर्यंत न्यावे. ते शक्य नसेल, तर मधला भाग शक्य तितका आखूड, इन्सुलेशन केलेला आणि कूलरच्या दिशेने उतरता ठेवावा.

कूलरची जागा

कूलरची क्षमता पुस्तिकेत बहुधा २५ अंशांच्या भोवतालच्या तापमानाला दिलेली असते. भोवतालचे तापमान वाढत जाते तशी ती क्षमता कमी होत जाते, आणि ती किती कमी होते हे दाखवणारा आलेख त्याच पुस्तिकेत असतो. जळगाव-भुसावळ भागात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. त्यातून अॅनालायझर-खोलीची पश्चिमेकडील भिंत पत्र्याची असेल, तर एसी बंद पडल्यावर खोलीतील तापमान बाहेरच्याहूनही वर चढते. म्हणून खरेदी करताना आणि बसवतानाही २५ अंशांचा आकडा न पाहता ५० अंशांचा आकडा पाहावा.

प्रत्यक्ष भार किती असतो, हेही काढता येते. ताशी ६० लिटर कोरडा वायू आणि १० टक्के बाष्प असेल, तर वाफेचे पाणी करण्यासाठी सुमारे १२ किलोज्यूल आणि १८० अंशांचा वायू ५ अंशांवर आणण्यासाठी सुमारे १४ किलोज्यूल, अशी एकूण ताशी २६ किलोज्यूलच्या आसपास उष्णता काढून घ्यावी लागते. बगॅसमध्ये निम्म्याच्या आसपास ओलावा असल्यामुळे त्याच्या धुरातील बाष्प २० टक्क्यांच्या वर जाते आणि हा भार पन्नाशीच्या घरात पोहोचतो. हा भार चांगल्या कूलरच्या आवाक्यातला असतो. तरीही मे महिन्याच्या दुपारी कूलर कमी पडत असेल, तर भार वाढला आहे असे समजण्याआधी कंडेन्सरच्या, म्हणजे कूलरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाच्या, पात्या पाहाव्यात. इथल्या उन्हाळी वाऱ्यांत बारीक माती असते, आणि कारखान्याच्या जवळपास जिनिंग असेल तर हिवाळ्यात कापसाचे तंतूही उडत येतात. हे दोन्ही मिळून पात्यांवर गोधडीसारखा थर धरतात. दर पंधरवड्याला, आणि एप्रिल-मेमध्ये दर आठवड्याला, वीज बंद करून मऊ ब्रशने आणि कमी दाबाच्या कोरड्या हवेने तो काढावा. जोराच्या हवेने पात्या वाकतात आणि मग मूळ तक्रार कायमची होऊन बसते.

कूलर उभा आणि समतल ठेवावा. त्याचा पंखा जिथून हवा ओढतो आणि जिथे सोडतो, त्या दोन्ही बाजू पुस्तिकेत सांगितल्याइतक्या मोकळ्या असाव्यात. कॉम्प्रेसरचा कूलर वाहतुकीत आडवा झाला असेल, तर तेल खाली उतरण्यासाठी पुस्तिकेत दिलेला वेळ तो उभा ठेवावा आणि मगच त्याला वीज द्यावी. स्फोटक वायूच्या क्षेत्रात साधा कूलर बसवू नये.

सुरू करण्यापूर्वीची तपासणी

चिमणीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि सल्फर डायऑक्साइड असतात. म्हणून अॅनालायझरमधून बाहेर पडणारा वायू खोलीत न सोडता नळीने बाहेर उंचावर नेलेला आहे आणि खोलीत हवा खेळती आहे, याची आधी खात्री करावी. चिमणीच्या प्लॅटफॉर्मवर परवान्याशिवाय आणि एकट्याने जाऊ नये. कंडेन्सेटला, म्हणजे कूलरमध्ये सुटलेल्या पाण्याला, हात लावताना हातमोजे आणि चष्मा वापरावा, कारण कोळशाच्या धुराचे कंडेन्सेट तीव्र आम्ल असते. ते बाहेरच्या मातीत न सोडता सांडपाणी प्रक्रियेकडे पाठवावे, आणि त्याच्या वाटेत पितळेचे किंवा तांब्याचे फिटिंग नसावे.

त्यानंतर कूलरमधील पाणी बाहेर काढणारा पेरिस्टाल्टिक पंप पाहावा. वायू ओढणारा पंप कूलरनंतर बसवलेला असल्याने कूलरच्या आत किंचित निर्वात असते. अशा वेळी पाणी आपोआप खाली पडत नाही, उलट ड्रेनची नळी उघडी राहिली तर बाहेरची हवा आत खेचली जाते. पेरिस्टाल्टिक पंप पाणी बाहेर काढतो आणि त्याच वेळी हवेची वाट बंद ठेवतो. त्याची लवचीक नळी रोलरखाली सतत दाबली जाते आणि काही महिन्यांत तिची लवचीकता जाते. तिच्यावर चीर, चपटेपणा किंवा चिकटपणा दिसल्यास ती लगेच बदलावी. नळी बदलताना रोलरच्या फिरण्याची दिशा आणि नळीची दिशा जुळवून घ्यावी. मग पंप सुरू करून, आत ओढणाऱ्या टोकाला थोडे स्वच्छ पाणी द्यावे आणि ते दुसऱ्या टोकातून पडते का ते पाहावे. पुढील नळी सतत उतरती असावी आणि तिचे टोक बाटलीतील पाण्यात बुडू नये.

तिसरी तपासणी गळतीची. प्रोबकडील झडप बंद करून वायूचा पंप चालवावा. फ्लोमीटरमधील (प्रवाह दाखवणाऱ्या उभ्या नळीतील) गोळी पूर्ण तळाशी बसली पाहिजे. ती थोडीशीही तरंगत राहिली, तर कुठून तरी हवा आत येत आहे. याहून खात्रीची परीक्षा म्हणजे प्रोबच्या तोंडाशी शुद्ध नायट्रोजन सोडून ऑक्सिजनचा आकडा पाहणे. नायट्रोजन थेट अॅनालायझरला दिला असता जो आकडा येतो, तोच प्रोबमार्गेही यायला हवा. प्रोबमार्गे तो अर्ध्या टक्क्याने जास्त आला, तर वायूत सुमारे २.४ टक्के बाहेरची हवा मिसळते आहे. ही परीक्षा टाळू नये, कारण गळती सहज लपून राहते. एकाच नमुन्यातून ऑक्सिजन आणि सल्फर डायऑक्साइड मोजून ६ टक्के ऑक्सिजनच्या पायावर दुरुस्ती केली, म्हणजे धुरात ६ टक्के ऑक्सिजन असता तर आकडा किती आला असता असा हिशेब केला, की हवेमुळे झालेली घट त्या दुरुस्तीत बरीचशी भरून निघते आणि पाठवला जाणारा आकडा ठीकच दिसतो. ज्वलन सुधारण्यासाठी बॉयलरचा ऑपरेटर मात्र जो ऑक्सिजनचा आकडा पाहत असतो, तो चुकीचा असतो.

सुरू करण्याचा क्रम

या सगळ्या क्रमामागचा नियम एकच आहे: कूलर थंड आणि लाइन गरम झाल्याखेरीज चिमणीचा एक थेंबभर वायूही आत येऊ देऊ नये. त्यासाठी वायूचा पंप बंद ठेवून प्रथम प्रोबचा हीटर, हीटेड लाइन आणि कूलर यांना वीज द्यावी. कूलर साधारण अर्ध्या तासात ५ अंशांवर येतो. प्रोब आणि लांब लाइन यांना तासभर किंवा त्याहून अधिक वेळ लागू शकतो. पडद्यावर आकडा दिसला म्हणजे काम झाले असे मानू नये. तो आकडा किमान दहा मिनिटे स्थिर राहिला पाहिजे आणि कूलरचा दोष-दर्शक संपर्क ‘ठीक’ स्थितीत आला पाहिजे. पहाटेच्या थंडीत सुरू केलेला कूलर लवकर तयार होतो आणि दुपारी त्याला वेळ लागतो, म्हणून ठरावीक मिनिटे मोजण्यापेक्षा तापमानावर भरवसा ठेवावा.

त्यानंतर पेरिस्टाल्टिक पंप सुरू करावा. मग प्रोब बंद ठेवून कोरडी इन्स्ट्रुमेंट एअर (उपकरणांसाठीची स्वच्छ दाबाची हवा) किंवा झिरो गॅस (मोजायचा वायू मुळीच नसलेला वायू) यंत्रणेतून दहा-पंधरा मिनिटे वाहू द्यावा. त्यामुळे नळ्यांत राहिलेला ओलावा निघून जातो. कूलरनंतरचा ओलावा-सेन्सर कोरडा दाखवतो का, बारीक फिल्टर पांढरा आणि कोरडा आहे का, हे याच वेळी पाहावे. त्या सेन्सरच्या इशाऱ्यावर पंप खरोखर थांबतो का, हेही प्रत्यक्ष तपासावे. सेन्सरवर पाण्याचा थेंब टाकून, पंप थांबल्यावर तो पुसून पुन्हा बसवावा. ही चाचणी पाच मिनिटांची आहे आणि तिच्यावर काही लाख रुपयांच्या अॅनालायझरचे आयुष्य अवलंबून असते.

आता झिरो आणि स्पॅन (प्रमाण ठाऊक असलेला वायू) यांचे कॅलिब्रेशन करावे. अॅनालायझरच्या तोंडाशी गॅस देणे सोपे असते, पण त्यामुळे फक्त अॅनालायझर तपासला जातो. निदान सुरुवातीला, आणि पुढे ठरावीक काळाने, स्पॅन गॅस प्रोबपासून सोडावा, म्हणजे फिल्टर, लाइन, कूलर आणि पंप या सर्वांची एकत्र परीक्षा होते. दोन्ही वाटांनी येणाऱ्या आकड्यांतील फरक नोंदवहीत लिहून ठेवावा.

अखेरीस प्रोबची झडप उघडून प्रवाह आधी निम्म्यावर ठेवावा आणि कूलरचे तापमान पाहत पाहत तो ठरलेल्या आकड्यापर्यंत, बहुतेक अॅनालायझरसाठी ताशी ६० लिटरच्या आसपास, न्यावा. तापमान एखाद्या अंशाने वर जाऊन परत येणे ठीक आहे. ते वर जाऊन तिथेच राहिले तर प्रवाह कमी करून कारण शोधावे. बॉयलर तेलावर नुकताच पेटवलेला असेल, तर धुरात काजळी आणि न जळलेले तेल असते. ज्वाला स्थिर होईपर्यंत प्रोब बंद ठेवून त्यावर उलट्या दिशेने हवा सोडत राहणे माझ्या मते शहाणपणाचे आहे, मात्र त्या काळाची नोंद प्रामाणिकपणे ‘मोजणी बंद’ अशी करावी.

कंडेन्सेट मोजणे

यंत्रणा नीट चालली आहे की नाही, हे सांगणारी सर्वांत विश्वासाची खूण म्हणजे बाटलीत जमणारे पाणी, आणि ते मोजायला एक मोजपात्र पुरते. ताशी ६० लिटर कोरडा वायू आणि १० टक्के बाष्प असेल, तर तासाला सुमारे ५ मिलिलिटर, म्हणजे २४ तासांत १२० मिलिलिटरच्या आसपास पाणी जमायला हवे. बगॅसच्या धुरात २२ टक्के बाष्प धरले, तर तेच प्रमाण तासाला सुमारे १३ मिलिलिटर आणि दिवसाला ३०० मिलिलिटरच्या थोडे वर जाते. सुरू केल्यानंतर पहिल्या पूर्ण दिवसाचे पाणी मोजून तो आकडा पॅनेलच्या दारावर आतून चिकटवून ठेवावा. पुढे प्रत्येक शिफ्टमध्ये त्याच्याशी तुलना करावी.

पाणी अचानक कमी झाले आणि कूलरचे तापमान मात्र ठीक असेल, तर पाणी दुसरीकडे जात आहे: एक तर हीटेड लाइन कुठेतरी थंड पडून आधीच पाणी सुटते आहे, किंवा पेरिस्टाल्टिक नळी थकली असून पाणी कूलरमध्येच चढत आहे. दुसरी शक्यता खरी असेल तर वेळ फार थोडा असतो, म्हणून प्रथम पंप थांबवून मग शोध घ्यावा. प्रवाह कमी झाल्यानेही पाणी घटते, परंतु ते फ्लोमीटरवर लगेच दिसते. पाणी नेहमीपेक्षा वाढले तर बॉयलरच्या नळीची गळती किंवा इंधनातील ओलावा यांचीही शक्यता असते, आणि ही बातमी कंट्रोल रूमला उपयोगी पडते.

पाण्याचा विचार करताना त्यात विरघळणाऱ्या वायूंचाही विचार करावा लागतो. सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड काही प्रमाणात पाण्यात जातात, तर कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रिक ऑक्साइड जवळजवळ जात नाहीत. वायू आणि पाणी जितका कमी वेळ एकत्र राहतील तितके हे नुकसान कमी होते. म्हणूनच कूलरच्या आतील पात्रात पाणी साचू देऊ नये. सल्फर डायऑक्साइडचे प्रमाण कमी असेल, तर कूलरपूर्वी विरळ फॉस्फरिक आम्लाचे थेंब सोडून पाणी आधीच आम्लधर्मी करतात, त्यामुळे त्यात सल्फर डायऑक्साइड कमी विरघळतो. हायड्रोजन क्लोराइड आणि अमोनिया यांच्यासाठी मात्र थंड करून कोरडे करण्याची ही पद्धत उपयोगाची नाही. हे वायू पाण्याबरोबरच निघून जातात आणि त्यांच्यासाठी गरम, ओल्या वायूची मोजणी करणारा अॅनालायझर लागतो.

वीज गेली तर

भारनियमन आणि उन्हाळी वादळे यांमुळे वीज जाणे खान्देशातील कारखान्यांना नवे नाही, आणि इथे एक चूक मांडणीतच दडलेली असू शकते. अॅनालायझर आणि वायूचा पंप यूपीएसवर असतात, तर हीटेड लाइन आणि कूलर जास्त वीज घेतात म्हणून साध्या पुरवठ्यावर ठेवलेले असतात. वीज गेली की पंप ओला वायू ओढतच राहतो आणि त्याला कोरडा करणारे कोणी राहत नाही. खोली २५ अंशांवर असेल, तर ३.१ टक्क्यांवरचे सारे बाष्प पंपात, फिल्टरमध्ये आणि मोजणीच्या कक्षात पाणी होऊन बसते. म्हणून पंपाची वीज कूलर आणि हीटेड लाइन यांच्या ‘ठीक’ संपर्कांमधूनच गेली पाहिजे, आणि हे संपर्क वीज गेल्यावर उघडणाऱ्या प्रकारचे असावेत. वीज परत आल्यावर कॉम्प्रेसर लगेच सुरू होऊ नये, आतील दाब समान होण्यासाठी त्याला तीनेक मिनिटे द्यावीत. हे आपोआप होत नसल्यास वेळ-रिले बसवावा. व्होल्टेज वरखाली होत असेल तेथे स्टॅबिलायझर आवश्यक समजावा.

हिवाळ्याची काळजी वेगळी असते. धुळ्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा एक-अंकी आकड्यावर उतरतो, आणि कूलरमधून ५ अंशांच्या दवबिंदूने निघालेला वायू उघड्यावरील नळीतून जात असेल, तर त्यात पुन्हा पाणी सुटू न देण्याइतका फरक उरत नाही. कूलरपासून अॅनालायझरपर्यंतची संपूर्ण वाट खोलीच्या आतच ठेवावी.

पडद्याचा ड्रायर असेल तर

काही ठिकाणी कूलरऐवजी किंवा कूलरनंतर नॅफिऑन या पदार्थाच्या नळ्यांचा ड्रायर असतो. या नळीची भिंत पाण्याचे रेणू शोषून बाहेरच्या बाजूला सोडते आणि बाहेरून उलट दिशेने वाहणारी कोरडी हवा ते घेऊन जाते. ही हवा नमुना वायूच्या दोन-तीन पट आणि उणे ४० अंश दवबिंदूइतकी कोरडी असावी. सुरू करताना आधी ही हवा चालू करावी आणि नंतर नमुना वायू सोडावा. बंद करताना क्रम उलटा ठेवावा. नळीत द्रवरूप पाणी कधीही जाऊ देऊ नये, कारण पाणी शिरल्यावर ती ओलावा काढेनाशी होते. तिच्या आधी तापमान दवबिंदूच्या वर राखणे आणि धूळ अडवणे हे म्हणूनच तितकेच महत्त्वाचे आहे. अमोनिया असलेल्या वायूसाठी हा ड्रायर वापरू नये.

बंद करणे आणि हंगामानंतर पुन्हा सुरू करणे

बंद करताना प्रथम प्रोब बंद करून कोरडी हवा किमान पंधरा मिनिटे वाहू द्यावी, मग वायूचा पंप थांबवावा, त्यानंतर हीटर आणि सर्वांत शेवटी, पात्रातील पाणी पूर्ण निघाल्यावर, पेरिस्टाल्टिक पंप आणि कूलर बंद करावेत. साखर कारखान्यात गाळप मार्च-एप्रिलमध्ये संपून पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होते. मधल्या काळात उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही येऊन जातात. अशा लांब बंदच्या वेळी पेरिस्टाल्टिक नळी रोलरखालून काढून ठेवावी, नाहीतर ती एकाच ठिकाणी चपटी होते. काचेचे पात्र धुऊन कोरडे करावे, प्रोबचा फिल्टर काढून ठेवावा आणि नळ्यांची सर्व तोंडे टोपणांनी बंद करावीत, कारण पावसाळ्यात किडे आणि कुंभारमाशा उघड्या नळीत मातीची घरे करतात. बॉयलर पेटण्याच्या निदान आठ दिवस आधी नवी पेरिस्टाल्टिक नळी, नवा बारीक फिल्टर आणि नव्या ओ-रिंग घालून वर सांगितलेला संपूर्ण क्रम गळतीच्या परीक्षेपासून पुन्हा करावा, आणि पहिल्या दिवसाचे कंडेन्सेट मोजून पॅनेलच्या दारावरील जुना आकडा बदलावा.